निबंधावरचा शेरा कुणासाठी लिहायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडून घेते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. पदवीच्या वर्गाला शिकवायला लागून तुम्हाला फार काळ झालेला नाही. साठ जणांचे निबंध येतात, एकेकावर तुम्ही पंचवीस मिनिटं घालवता, समास शेऱ्यांनी भरून टाकता. विद्यार्थी गुण बघतात आणि निबंध बॅगेत टाकतात. पुढच्या खेपेला पुन्हा त्याच चुका. शिवाय तुम्ही ६५ गुण दिलेल्या निबंधाला सहकाऱ्याने ५० दिले, त्यामुळे स्वतःच्या तपासण्यावरचाच विश्वास डळमळला. आणि आता काही निबंध यंत्राकडून, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या प्रणालीकडून, लिहून घेतल्याचा संशय येतो आहे, त्याचं काय करायचं?

हल्ली सगळे यंत्राच्या मुद्द्यापासून सुरुवात करतात. मी तो शेवटाकडे घेणार आहे, कारण तुमची खरी अडचण ही यंत्रं येण्याच्या कितीतरी आधीची आहे. तुम्ही एकाच बैठकीत, एकाच पेनाने दोन कामं करता आहात. निबंधाची किंमत ठरवता आहात आणि लिहिणाऱ्याला पुढे काय करायचं तेही सांगता आहात. दोन्ही कामं आपलीच आहेत, पण एकत्र केली की पहिलं काम दुसऱ्याला गिळून टाकतं. शेरे हळूहळू गुणांची वकिली करायला लागतात.

पटत नसेल तर परत दिलेल्या निबंधांपैकी चार-पाच मागवून घ्या आणि फक्त स्वतःचे शेरे वाचा. 'युक्तिवाद सुसंगत नाही.' 'विश्लेषणाचा अभाव.' 'संदर्भ अपुरे.' 'निष्कर्ष घाईत उरकला आहे.' सगळी वाक्यं होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल. हे लिहिताना डोळ्यांसमोर कोण होतं? गुण कमी का, असं विचारायला येणारा विद्यार्थी. किंवा पुनर्मूल्यांकनाला बसलेला दुसरा परीक्षक. हे शेरे खोटे नसतात. पण त्यांतला एकही वाचून विद्यार्थी आज संध्याकाळी टेबलाशी बसून काही वेगळं लिहू शकत नाही. गुणांचं समर्थन लागतंच, संस्थेला तर लागतंच लागतं. ते शेवटी निकषांच्या भाषेत दोन ओळींत लिहा आणि तिथेच थांबा. समासातली जागा त्यासाठी खर्च करू नका.

रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास या संदर्भात नेहमी सांगितला जातो. मुलांच्या एका गटाला फक्त शेरे दिले, दुसऱ्याला फक्त गुण, तिसऱ्याला दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्यांची कामगिरी सुधारली आणि कामातला रसही टिकला. दोन्ही मिळालेला गट मात्र फक्त गुण मिळालेल्यांच्याच पंगतीला जाऊन बसला. ती मुलं शाळेतली, पाचवी-सहावीच्या वयाची होती, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा पदवीच्या वर्गात आणायला मी कचरते. तरी गुणाचा आकडा दिसल्यावर शेऱ्याकडे कुणाची नजर जात नाही, हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे.

त्याहून जास्त अस्वस्थ करणारा हिशेब क्लुगर आणि डिनिसी यांचा आहे. १९९६ मध्ये त्यांनी अभिप्रायावरचे जुने प्रयोग एकत्र केले, ६०७ परिणाम तपासले. सरासरी पाहिली तर अभिप्रायाने फायदा होतो. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्राय मिळाल्यावर कामगिरी घसरली होती. त्यांचं स्पष्टीकरण मला पटतं: लक्ष हातातल्या कामावरून उडून स्वतःकडे वळलं की अभिप्राय वाया जातो. 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती' हा शेरा जसा माणसावर जातो, तसाच 'तुम्ही फार हुशार आहात' हासुद्धा माणसावरच जातो. दोन्ही वाचून झाल्यावर निबंध जिथे होता तिथेच राहतो.

म्हणून पहिला बदल फुकटचा आहे: शेरे आधी द्या, गुण काही दिवसांनी. मधल्या काळात प्रत्येकाकडून तीन ओळी लिहून घ्या. शेऱ्यांतला कुठला मुद्दा पटला, कुठला पटला नाही, आणि आता निबंधात नेमकं काय बदलणार. या तीन ओळी आल्याशिवाय गुण जाहीर करायचे नाहीत. पहिल्यांदा कुरकुर होईल, ती होऊ द्या. 'पटला नाही' हा पर्याय मुद्दाम ठेवा. विद्यार्थी शेऱ्याशी वाद घालतो तेव्हा त्याने तो वाचलेला असतो.

दुसरा बदल वेळापत्रकाचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. तुमचे सगळे शेरे संपलेल्या निबंधावर पडतात. विषय बदललेला असतो, सत्र पुढे गेलेलं असतं, तो निबंध पुन्हा कुणी उघडणार नसतं. पुढच्या खेपेला त्याच चुका येतात यात विद्यार्थ्यांचा हट्टीपणा शोधण्याचं कारण नाही. सुधारलेलं लिहून पाहायची संधीच त्यांना मिळालेली नाही. रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या तीन अटी इथे उपयोगी पडतात. चांगलं काम कसं दिसतं हे शिकणाऱ्याला कळायला हवं, आपलं काम त्याच्या शेजारी ठेवून पाहता यायला हवं, आणि दोन्हींमधलं अंतर कमी करण्यासाठी त्याने स्वतः काहीतरी करायला हवं. तिसरी अट पुरी झाली नाही तर शेरा ही नुसती माहिती उरते. तेव्हा शेरे मसुद्यावर लिहा.

'वेळ कुठून आणू?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. साठ निबंध, पंचवीस मिनिटं, म्हणजे पंचवीस तास आत्ताच जातात. मसुद्याला बारा मिनिटं दिलीत तर बारा तास. अंतिम निबंधावर शेरा लिहायचाच नाही, फक्त निकषांवर गुण आणि त्या दोन ओळी. त्याला सात मिनिटं पुरतात, म्हणजे सात तास. बेरीज एकोणीस. सुरुवातीला बारा मिनिटांत उरकणार नाही हे खरं, पण त्याचं कारण वाचनाचा वेग नसून आपल्याला सगळंच सांगायचं असतं हे आहे. मसुद्यावर दोन मुद्दे, फार तर तीन. चौथा सुचला तर गिळून टाका.

मसुदा कसा वाचायचा याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हे कुणी शिकवत नाही. पहिल्या वाचनात हातात पेन घेऊ नका. जोसेफ विल्यम्स यांनी १९८१ मध्ये चुका पाहण्याच्या सवयीवर एक लेख लिहिला आणि त्यात स्वतःच जाणूनबुजून शंभरेक चुका पेरून ठेवल्या. लेख व्यावसायिक नियतकालिकात आला, वाचणारे बहुतेक भाषेचे शिक्षक, आणि लेखाच्या अखेरीस त्यांनीच सांगेपर्यंत बहुतेकांच्या लक्षातही आलं नाही. तज्ज्ञाचा लेख आपण मुद्द्यासाठी वाचतो, विद्यार्थ्याचा निबंध चुकांसाठी. हातात पेन असलं की दुसऱ्या प्रकारचं वाचन आपोआप सुरू होतं. पेन नसेल तर मला दोनच गोष्टी टिपता येतात: हा लेखक नेमकं काय म्हणतो आहे, आणि माझा धागा कुठे सुटला. मग पेन घ्यायचं.

उदाहरण घेऊ. निबंधाचा प्रश्न आहे, 'दूरस्थ शिक्षणामुळे उच्च शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचले का?' मसुद्यातला हा एक परिच्छेद मी नमुन्यासाठी रचला आहे, पण तुम्ही असे ढीगभर पाहिले असतील:

'आजच्या आधुनिक युगात तंत्रज्ञानाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. दूरस्थ शिक्षणामुळे घरबसल्या पदवी घेता येते. परंतु सर्वांकडे आवश्यक साधने नसतात. तसेच विद्यार्थ्यांचे लक्ष लागत नाही. अनेक विद्यार्थी अभ्यासक्रम अर्धवट सोडतात. अशा प्रकारे दूरस्थ शिक्षणाचे फायदे व तोटे दोन्ही आहेत.'

नेहमीचे शेरे काय पडतील? पहिल्या वाक्याखाली रेघ आणि 'अनावश्यक'. 'साधने' शब्दावर 'कोणती?'. 'अनेक' वर 'किती? संदर्भ?'. शेवटी 'निष्कर्ष कमकुवत, विस्तार हवा'. चारही बरोबर. विद्यार्थी काय करेल? पहिलं वाक्य खोडेल, कंसात दोन साधनांची नावं घालेल, कुठून तरी एक टक्केवारी आणून डकवेल, निष्कर्षात आणखी दोन वाक्यं भरेल. परिच्छेद लांबेल, विचार जिथे होता तिथेच राहील.

मी लिहीन ते असं: 'तुम्ही अभ्यासक्रम अर्धवट सुटण्याच्या आधी दोन कारणं दिली आहेत: साधनं नसणं आणि लक्ष न लागणं. ही दोन वेगळ्या जातीची कारणं आहेत. पहिल्यात शिक्षण त्या माणसापर्यंत पोहोचलंच नाही. दुसऱ्यात पोहोचलं, पण टिकलं नाही. प्रश्नात "पोहोचले का" असं विचारलं आहे. नुसता प्रवेश मिळाला म्हणजे पोहोचलं, की अभ्यासक्रम पुरा झाला म्हणजे? तुमचं मत आधी एका वाक्यात लिहा आणि त्या वाक्याने परिच्छेदाची सुरुवात करा. मग "फायदे व तोटे दोन्ही आहेत" हे वाक्य तुम्हाला लागतं का ते बघा.'

हा शेरा लांब आहे, पण तो एकच आहे. पहिल्या घिसापिट्या वाक्यावर मी एक अक्षर खर्च केलेलं नाही, कारण स्वतःचं मत सुरुवातीला आलं की ते वाक्य आपोआप गळून पडतं. आकडेवारीही मागितलेली नाही. कशाची आकडेवारी हवी, प्रवेशांची की पूर्ण करणाऱ्यांची, हे ठरल्यावरच ती मागण्यात अर्थ आहे. आणि त्याच्याच परिच्छेदात एक खरा विचार दडलेला होता, तो मी उचलून त्याच्यासमोर ठेवला आहे. चांगला शेरा बहुतेक वेळा असाच निघतो: लेखकाच्या हातून नकळत जे लिहून गेलं, ते त्याला दाखवून देणं.

नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ मध्ये दोन विद्यापीठांतल्या ३५ शिक्षकांचे शेरे तपासले. दोन गोष्टी निघाल्या. पहिली, बहुतेक शेरे कुठल्याही निबंधावरून उचलून दुसऱ्या कुठल्याही निबंधावर चिकटवता येण्यासारखे होते. दुसरी, एकाच परिच्छेदात शिक्षक स्वल्पविराम दुरुस्त करत होते आणि हा परिच्छेद नव्याने विकसित करा असंही सांगत होते. जे वाक्य टिकणारच नाही त्यातला विरामचिन्हांचा दोष काढून मिळतं काय? विद्यार्थी अर्थातच सोपं काम आधी करतो, स्वल्पविराम नीट करतो आणि सुधारणा झाली असं समजतो. 'हा शेरा शेजारच्या निबंधावर चालेल का?' ही कसोटी मी आजही लावते. चालत असेल तर तो वर्गात सगळ्यांना मिळून एकदाच सांगायचा, साठ वेळा लिहायचा नाही.

कौतुकाचं थोडक्यात. 'छान' लिहू नका. 'दुसऱ्या पानावर तुम्ही विरुद्ध मत त्यांच्याच सर्वांत भक्कम रूपात मांडलंत आणि मग खोडलंत, त्यामुळे तुमचं म्हणणं पटतं' असं लिहा. पुढच्या निबंधात तो ते पुन्हा करू शकेल.

आता शुद्धलेखन, वाक्यरचना, विरामचिन्हं. इथे शिक्षकांचा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि हाताला सगळ्यात कमी लागतं. रिचर्ड हॅसवेल यांनी १९८३ मध्ये सुचवलेली पद्धत इतकी साधी आहे की लोक तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. ज्या ओळीत अशी चूक आहे त्या ओळीसमोर समासात फक्त एक खूण करायची. चूक कुठली, कुठल्या शब्दात, काहीही सांगायचं नाही. दोन चुका असतील तर दोन खुणा. निबंध परत गेला की विद्यार्थ्याने स्वतः शोधून दुरुस्त करायच्या. त्यांच्या वर्गात ६० टक्क्यांच्या आसपास चुका विद्यार्थ्यांनीच दुरुस्त केल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त चुका अज्ञानाच्या नव्हत्याच. लिहून झाल्यावर पुन्हा न वाचल्याच्या होत्या. आपण त्या दुरुस्त करून देतो तेव्हा विद्यार्थ्याचं मुद्रितशोधन फुकट करून देत असतो.

उरतात त्या चुका लक्ष देण्याजोग्या. मिना शॉनेसी यांनी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९७० नंतर प्रवेश खुला झाल्यावर आलेल्या विद्यार्थ्यांचे सुमारे ४,००० निबंध वाचले आणि १९७७ मध्ये जे मांडलं त्याचा गाभा असा की चुकांमागे तर्क असतो. एखादा विद्यार्थी लांब वाक्य लिहिताना कर्ता हरवतो, पण छोट्या वाक्यात कधीच हरवत नाही. त्याला व्याकरणाचा नियम सांगून उपयोग नाही, नियम त्याला येतो. एका वाक्यात तो तीन विचार कोंबतो आहे आणि जोडणारी साधनं त्याच्याकडे दोनच आहेत. अशा वेळी चुकांचा एकच आकृतिबंध निवडून, दोन ठिकाणी दाखवून, बाकीच्या जागा त्यालाच शोधायला लावाव्यात. परक्या भाषेत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत व्याकरण-दुरुस्तीने काही साधतं का, यावर १९९६ मध्ये जॉन ट्रस्कॉट यांनी सरळ 'नाही, सोडून द्या' असं म्हटलं आणि डेना फेरिस यांनी त्यांना जोरदार उत्तर दिलं. तो वाद बरीच वर्षं चालला. माझं मत फेरिस यांच्या बाजूला झुकतं, पण अटीसह: दुरुस्ती निवडक असेल आणि विद्यार्थी ती स्वतः करणार असेल तरच.

जाता जाता, 'हल्लीच्या मुलांना लिहिताच येत नाही' हे स्टाफरूममधलं आवडतं वाक्य आहे, म्हणून एक आकडा सांगते. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन निबंधांतल्या चुकांची मोजणी वेगवेगळ्या पिढ्यांनी केली आहे. १९१७ मध्ये १०० शब्दांमागे २.११ चुका, १९८६ मध्ये २.२६, २००६ मध्ये २.४५. जवळजवळ शतकभरात एवढाच फरक. त्याच काळात निबंधाची सरासरी लांबी मात्र १६२ शब्दांवरून १,०३८ शब्दांवर गेली, आणि काम वर्णनाकडून युक्तिवादाकडे सरकलं. तक्रार करायचीच असेल तर निदान नवी शोधावी.

सहकाऱ्याचे गुण वेगळे आले याने तुम्ही खचला आहात. खचू नका, तुम्ही फार जुन्या परंपरेत आहात. स्टार्च आणि इलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका बऱ्याच शाळांना पाठवल्या. १४२ शिक्षकांनी तपासून दिल्या. एकीला ६४ पासून ९८ पर्यंत गुण मिळाले, दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. लोक म्हणाले, भाषेच्या विषयात असं होणारच. तर पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली आणि तिच्या गुणांतली तफावत आणखी मोठी निघाली.

मला जास्त शिकवून गेला तो डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६१ चा अभ्यास. ३०० निबंध, ५३ वाचक, नऊ श्रेणी, आणि निकष मुद्दाम दिलेले नाहीत. एकाही निबंधाला पाचांपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या नाहीत. ९४ टक्के निबंधांना सात, आठ किंवा नऊ मिळाल्या. इथे थांबलं तर निराशा येते. पण त्यांनी पुढे जाऊन वाचकांचे गट पाडले आणि दिसलं की मतभेद आंधळे नव्हते. काहीजण विचार पाहत होते, काही मांडणी, काही शुद्धता, काही शब्दकळा, काही लेखकाचा स्वतःचा सूर. तुमचे ६५ आणि सहकाऱ्याचे ५० यामागेही बहुधा हेच आहे. तुम्ही विचाराला गुण दिलेत, त्यांनी मांडणीचे कापले. चूक कुणाचीच नाही. फक्त कशाला किती वजन द्यायचं हे तुम्ही दोघांनी कधी बोलून घेतलेलं नाही.

ते बोलून घेण्याचा मार्ग म्हणजे रुब्रिक, म्हणजे निकष आणि प्रत्येक निकषाच्या पातळ्या मांडलेला तक्ता, असं सगळे म्हणतात. असावंच. पण मी पाहिलेली बहुतेक रुब्रिकं विशेषणांची उतरंड असतात: 'उत्कृष्ट विश्लेषण, चांगलं विश्लेषण, समाधानकारक विश्लेषण'. यातून विश्लेषण कशाला म्हणायचं हे विद्यार्थ्यालाही कळत नाही आणि परीक्षकालाही नाही. त्या चौकटीत डोळ्यांना दिसणारी गोष्ट लिहा: 'पुरावा दिल्यावर तो पुरावा दाव्याला कसा आधार देतो हे स्वतःच्या शब्दांत सांगितलं आहे', त्याखाली 'पुरावा दिला आहे, पण दाव्याशी जोडलेला नाही', त्याखाली 'दावा आहे, पुरावा नाही'. चार निकष पुरे. दहा निकषांचं रुब्रिक कुणीच पाळत नाही. सगळे आधी एकूण गुण ठरवतात आणि मग चौकटी भरतात.

शिवाय रुब्रिकपेक्षा जास्त काम करते ती तपासणीच्या आधीची एक बैठक. पाच-सहा निबंध सगळ्यांनी स्वतंत्रपणे तपासायचे, गुण एकाच वेळी उघड करायचे, आणि जिथे अंतर जास्त तिथेच चर्चा करायची. तासाभराचं काम. याखेरीज काही सवयी: नावं झाकून तपासा. एका बैठकीत एकाच प्रश्नाची उत्तरं संपवा. एखादा अप्रतिम निबंध वाचल्यावर पुढचा बिचारा मार खातो, म्हणून गठ्ठा संपला की सुरुवातीचे काही पुन्हा उघडून बघा. फार दमल्यावर तपासू नका, हे सांगायला नको. आणि सगळे तसंच तपासतात हेही सांगायला नको.

हे निकष विद्यार्थ्यांना नुसते वाचायला देऊन भागत नाही. ली आणि स्ट्रीट यांनी १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या विद्यापीठांत दाखवलं तसं, 'युक्तिवाद', 'रचना' हे शब्द सगळेच प्राध्यापक वापरतात, पण प्रत्येक विषयात त्यांचा व्यवहार वेगळा असतो. इतिहासाच्या निबंधात ज्याला विश्लेषण म्हणतात ते जीवशास्त्राच्या अहवालात फापटपसारा ठरू शकतं, आणि एकाच आठवड्यात दोन्ही लिहिणारा विद्यार्थी गोंधळतो. आधीच्या वर्षांतले, लेखकांची परवानगी घेतलेले, नावं काढलेले दोन निबंध वर्गात वाटा, एक चांगला आणि एक मध्यम, आणि निकष लावून विद्यार्थ्यांनाच गुण द्यायला लावा. मध्यम निबंध महत्त्वाचा. वाईट निबंधातला दोष कुणालाही दिसतो.

याच धर्तीवर एकमेकांचे मसुदे वाचणं. लुंडस्ट्रॉम आणि बेकर यांच्या २००९ च्या अभ्यासात, दुसऱ्यांच्या लेखनावर अभिप्राय देणारे विद्यार्थी नुसता अभिप्राय घेणाऱ्यांपेक्षा स्वतःच्या लेखनात जास्त सुधारले. म्हणून वर्गमित्राचा अभिप्राय दर्जेदार नसतो ही तक्रार मला फारशी सतावत नाही. फायदा देणाऱ्याचा आहे. दोनच प्रश्न द्या: लेखकाचा दावा तुमच्या शब्दांत एका वाक्यात लिहा, आणि जिथे तुम्हाला पुन्हा वाचावं लागलं ती जागा दाखवा. 'काय आवडलं' विचारलंत तर सगळ्यांना सगळंच आवडतं.

राहिलं यंत्र. मजकूर यंत्राने लिहिला आहे का हे ओळखू पाहणाऱ्या शोधक प्रणालीने दाखवलेल्या टक्क्यांवरून कुणावरही आरोप करू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा शोधक जानेवारी २०२३ मध्ये आणला आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत बंद केला. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखला होता आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर चुकीचा शिक्का मारला होता. त्याच वर्षी स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी सात शोधक तपासले: इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरीने निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे म्हणून दाखवले गेले. साधे शब्द, ठरावीक वाक्यरचना, एवढाच त्यांचा गुन्हा. प्रणाल्या बदलत राहतात, पण साधं लिहिणाऱ्यावर संशय जाण्याचा धोका तसाच राहतो.

मसुद्यांची पद्धत लावलीत तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. आराखडा, मसुदा, शेऱ्यावरच्या तीन ओळी, अंतिम निबंध, एवढं समोर असलं की लेखन वाढताना दिसतं. तरी शंका आली तर पाच मिनिटं बोलावून घ्या आणि त्याच्याच निबंधातल्या एका वाक्यावर बोट ठेवून विचारा, 'इथे हा दाखला का निवडलात? दुसरा कुठला डोक्यात होता?' ज्याने विचार केला आहे तो अडखळत का होईना बोलतो. घाबरलेला आणि न लिहिलेला यांत फरक करायला मात्र सबुरी लागते, म्हणून ही भेट चौकशीसारखी घेऊ नका. शक्य असेल तर सगळ्यांचीच घ्या, म्हणजे बोलावणं हाच आरोप ठरत नाही. आणि शेरे यंत्राकडून लिहून घेण्याबद्दल: वरवरच्या चुका शोधायला विद्यार्थ्याने ते स्वतः वापरावं, हरकत नाही. पण विद्यार्थ्याचं लेखन त्याला न विचारता बाहेरच्या प्रणालीत टाकू नका. आणि यंत्राचे शेरे नीट वाचून बघा, सॉमर्स यांच्या कसोटीवर बहुतेक नापास होतात. नम्र, संतुलित आणि कुठल्याही निबंधावर चालणारे.

शेवटी, गुणांवरून वाद घालायला येणारा विद्यार्थी, ज्याच्या धास्तीने हे सगळे शेरे लिहिले जातात. त्याला दारातून परत पाठवू नका आणि दारात उभ्या उभ्या गुणही वाढवू नका. निबंध आणि निकष घेऊन दुसऱ्या दिवशी या म्हणा, येताना कुठल्या निकषावर गुण कमी पडलेत असं वाटतं आणि निबंधातल्या कुठल्या ओळींच्या आधारावर, ते लिहून आणा. बरेचजण ते लिहायला बसल्यावर येतच नाहीत. जे लिहून आणतात त्यांचं म्हणणं बऱ्याचदा ऐकण्यासारखं असतं. तरीही मतभेद राहिला तर निबंध सहकाऱ्याकडे द्या, तुमचे गुण झाकून.